मेहरूणचं विरजण

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "काका, भुताखेतांचं नको, तुमच्या कामाचं लिहा." मी हो म्हणालो खरा, पण लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. जळगाव-धुळ्याकडच्या घरांमध्ये इंटरनेटचे डबे बसवण्यात आणि सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मनातून न गेलेली गोष्ट एकच, आणि ती संपादकांना नको असलेल्या गोष्टींच्या अगदी शेजारी बसलेली आहे. कामाचीच आहे, शंभर टक्के. भुताची आहे की नाही ते तुम्ही ठरवा, माझं अजून ठरलेलं नाही.

आमच्याकडे राउटरला राउटर कोणी म्हणत नाही, डबा म्हणतात. "भाऊ, डबा रुसला, या जरा." सावद्याचे एक केळीचे व्यापारी होते, त्यांनी डबा चोरीला जाईल म्हणून लोखंडी कपाटात कुलपात ठेवला होता आणि वर माझ्याशीच भांडत होते की रेंज येत नाही. जळगावच्या एका वहिनींनी खंडेनवमीला घरातल्या कात्री-विळीबरोबर डब्याचीही पूजा केली. चांगलं केलं, पण हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या वरच्या जाळीतून आत गेल्या. मी चिमट्याने एकेक पाकळी काढत बसलो आणि वहिनी शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "देवाचंच आहे ते, त्याने कसा बिघडेल?" कपाळ माझं!

बाहेरून पाहिलं तर डब्याला तीन-चार दिवे आणि दोन शिंगं, बस. आत मात्र त्याचा सगळा संसार असतो. कॉम्प्युटरवर एक ठरलेला आकडा टाकला आणि पासवर्ड दिला की सेटिंगचं पान उघडतं. घरच्या वायफायचं नाव काय, कुलूप कोणतं, कोणाला आत घ्यायचं, किती वाजता झोपायचं, किती वाजता उठायचं, सगळं तिथे लिहिलेलं. लोकांना वाटतं डबा म्हणजे नळ, सोडला की नेट वाहतं. तसं नाही. डबा सांगितलेलं ऐकतो, लक्षात ठेवतो, आणि सांगणारा माणूस गेला तरी ऐकत राहतो. हे शेवटचं मला फार उशिरा कळलं.

घड्याळाचंही सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. वीज गेली की डबा वेळ विसरतो. परत चालू होताना त्याला वाटतं, आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. मग लाइन मिळाली की तो बाहेर कुठेतरी वेळ विचारतो आणि एका झटक्यात आजच्या दिवसात येऊन बसतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. खान्देशातली घरं दिवसातून दोनदा सत्तर साली जाऊन येतात आणि कोणाला पत्ता नसतो.

आता माझ्या विरजणाबद्दल.

नवा डबा बसवायचा म्हणजे ही सगळी पानं भरायची. सगळं मन लावून केलं तर तास जातो. पण एक सोय असते. एखाद्या घरचं सगळं नीट बसलं की त्याची फाइल काढून घेता येते, आणि ती नव्या डब्यात सोडली की तोही तस्साच होतो. मग फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलायचा. पेन ड्राइव्हवरच्या त्या फाइलला मी विरजण म्हणायचो. शेजारणीकडून चमचाभर आणून आपल्या दुधाला लावतात ना, तसंच. कंपनी तेव्हा बहुतेक एकाच जातीचे डबे द्यायची, त्यामुळे ते सगळीकडे लागायचं. माझं काम दहा मिनिटांत व्हायचं आणि लोक म्हणायचे, भाऊंचा हात हलका आहे. मीही कॉलर ताठ करून हिंडायचो.

हे विरजण जळगावातल्या मेहरूणचं होतं. तलावाच्या अलीकडच्या वस्तीत भास्करनाना म्हणून एक गृहस्थ राहत. बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झालेले. ताठ कणा, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं घोषणा केल्यासारखं. त्यांच्या घरचा डबा बसवायला मला पूर्ण दिवस लागला होता, कारण नाना शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक ओळीला "हे कशासाठी?" विचारत राहिले. सांगितलेलं पटलं की पुठ्ठ्यावर लिहून घेत. इतका नीट लावलेला डबा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, नानांनी लावून घेतला म्हणून.

काही महिन्यांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. म्हणाले, "मी तीस वर्षं डेपोतल्या गाड्या मिनिटाला सोडल्या. आणि घरातली पाच माणसं एका वेळी ताटावर येत नाहीत. आली तर हातात मोबाइल. तुमच्या डब्याला सांगा, एक दहा ते दीड वायफाय बंद."

"रोज?"

"रोज. रविवारी पण. आणि सेटिंगचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. मी मागितला तरी द्यायचा नाही. नातवंडं गळ्यात पडली की मी विरघळतो."

मी वेळापत्रकाचं पान उघडून नियम टाकला. त्याला नाव द्यावं लागतं, मी इंग्रजी अक्षरांत 'जेवण' असं लिहिलं. मग त्या डब्याचं जुनं सॉफ्टवेअर बदलून नवं केलं, आणि आता सगळं ताजं आहे म्हणून तिथूनच नवी फाइल काढून घेतली. नियमासकट. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. नानांच्या सुनेने भरल्या वांग्यांचा वास सोडला होता, माझं लक्ष तिकडे.

पुढची दोन-अडीच वर्षं मी ते विरजण लावत फिरलो. आठवड्यातले तीन दिवस जळगाव, तीन दिवस धुळे, साक्री, पिंपळनेर. धुळ्याला बहिणीकडे मुक्काम असायचा.

तुम्ही म्हणाल, लोकांनी तक्रार कशी केली नाही? केली असेल. पण मी स्वतः एक ते दोन फोन बंद ठेवून जेवणारा माणूस. दोनला फोन सुरू करीपर्यंत वायफाय परत आलेलं असायचं, आणि आलेल्या गोष्टीची तक्रार आपल्याकडे कोणी करत नाही. वीस मिनिटं काहीतरी बंद पडणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

धुळ्याला रशीदभाई म्हणून एक टेलर आहेत, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. ते एकदा सहज म्हणाले, "भाऊ, आमचा डबा मोठा नेक आहे. रोज संध्याकाळी सहा चाळीसला आपोआप बंद होतो. दुकानातली पोरं मोबाइल सोडून उठतात, दिवे लागतात. मगरिबच्या नमाजाच्या आसपासची वेळ. सात वाजता परत सुरू. मी कुणाला हात लावू देत नाही त्याला."

मला विचित्र वाटलं, पण मी म्हणालो, "लाइनवर लोड असेल." आमच्या धंद्यातली ही पक्की सवय. कारण माहीत नसलं की लोड म्हणायचं, नाहीतर "वरून प्रॉब्लेम आहे" म्हणायचं. वरून म्हणजे कंपनीकडून. रशीदभाईंचा डबा थोडा नव्या जातीचा होता, त्याच्यात फाइलीतून घड्याळाची सेटिंग उतरत नसे. तो विलायतेच्या वेळेवर चालायचा, आपल्या साडेपाच तास मागे. त्याचं एक दहा म्हणजे आपलं सहा चाळीस. हा हिशोब मी त्याच दिवशी केला असता तर पुढचं टळलं असतं. केला नाही, चहा पिऊन निघालो.

मग पिंपळनेरचा फोन आला.

हेमंत नावाचा तरुण, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करणारा. त्याचे वडील, मधुकर आबा, गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे. ते वारले, आई एकटी पडली, म्हणून हेमंत तेराव्यानंतर पुण्याला परतलाच नाही. कंपनीला विनवून घरून काम मागून घेतलं आणि मला बोलावून डबा बसवून घेतला. त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं. आता तो फोनवर रडकुंडीला आलेला. "काका, रोज दुपारी मीटिंगमध्ये माझी लाइन तुटते. साहेबाने शेवटचं सांगितलंय, या महिन्यात नीट झालं नाही तर पुण्याला येऊन बसायचं. आईला सोडून कसा जाऊ? ती गाव सोडायला तयार नाही."

चैत्राचं ऊन होतं. साडेबाराला पोचलो तर गल्लीत चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला आडवी. सिंधूअक्का, म्हणजे हेमंतची आई, दारात आल्या. "ये भाऊ, बस. पानी पी," म्हणाल्या. बारीक चणीची बाई, आवाजही बारीक.

डबा मीच बसवला होता, पण कुठे ते विसरलो होतो. समोर आबांचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या अगदी खाली डबा. तिथे आयता खिळा होता म्हणून मीच टांगलेला. फोटोखाली तीन हिरवे दिवे मिणमिणत होते. डब्यासमोर पाट मांडलेला होता आणि पाटाजवळ पाण्याचा तांब्या.

मी लॅपटॉप काढला. अक्का चुलीपाशी बसून म्हणाल्या, "डबा बिघडेल नही शे भाऊ."

"नाही कसा अक्का? रोज बंद पडतो म्हणतो हा."

"बंद पडत नही. त्या येतस."

त्या म्हणजे ते, आबा. हेमंतने मान फिरवली. मला हळूच म्हणाला, "काका, आबा दुकानातून रोज एक दहाला जेवायला यायचे. आले की आधी टीव्ही बंद करायचे, मग हातपाय धुवायचे. ते आल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. डबा बसवला त्या दिवसापासून रोज एक दहालाच वायफाय जातं. आईने मनाशी धरलंय."

"एखाद्या दिवशी पुढेमागे होत असेल की."

"एकदा झालं. वीज गेली होती. एक वीसला आली, आणि डब्याचे दिवे लागले न लागले तोच मधला, वायफायचा, विझला. आई म्हणाली, आज त्यास्ले उशीर व्हयना."

वरून प्रॉब्लेम असेल असं मनाशी म्हणत मी घड्याळ पाहिलं. एक वाजून आठ मिनिटं. अक्कांनी तीन ताटं वाढली. एक हेमंतचं, एक स्वतःचं, एक पाटासमोर. कळण्याची भाकरी, ठेचा, उडदाचं वरण. हेमंतच्या लॅपटॉपवर कोणी बाई इंग्रजीत आकडे सांगत होती. अक्कांनी हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आते थांबा. त्या उनात." म्हणजे, थांबा, ते आले.

मधला दिवा विझला. ती बाई शब्द अर्धा टाकून गप्प झाली. पंखा चालू होता, भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, तरी घर एकदम ओस पडल्यासारखं वाटलं. अक्कांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पाट जरासा सरळ केला. हेमंत मुकाट्याने उठून आईशेजारी जाऊन बसला. आणि मी, इतकी वर्षं लोकांच्या भिंती पोखरलेला माणूस, त्या पाटाकडे बघायला धजत नव्हतो. 

वायफाय नसलं तरी वायर लावून डब्यात शिरता येतं. मी वायर लावली, पान उघडलं. आधी नोंदवही पाहिली, डबा स्वतःच्या सगळ्या हालचाली लिहून ठेवतो. तेरा वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद. कालचीही तीच वेळ, परवाचीही तीच. खाली खाली जात राहिलो, ओळींवर ओळी, वीज गेलेला तो दिवस सोडला तर एक सेकंद इकडचा तिकडे नाही. यंत्र बिघडतं तेव्हा असं बिघडत नाही, ते वेडंवाकडं बिघडतं. हे कोणीतरी करत होतं.

मग वेळापत्रकाचं पान उघडलं. एकच नियम होता. एक दहा ते दीड. नाव, जेवण.

ते स्पेलिंग माझं होतं.

सांगतो, त्या क्षणी आबांची भीती गेली आणि दुसरीच बसली. भास्करनाना आदल्या पावसाळ्यात वारले होते. मी मेहरूणला त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. तो माणूस पिंपळनेर कधी आला नाही, हे घर त्याने पाहिलं नाही, मधुकर आबांचं नावही त्याला माहीत नव्हतं. आणि तो इथे रोज मिनिटाला, वीज उशिरा आली तर डब्याला वेळ कळताक्षणी, येऊन सांगत होता, मोबाइल ठेवा, ताटावर बसा. फक्त इथेच नाही. साक्रीला, धुळ्याला, रशीदभाईंकडे दिवे लागायच्या वेळेला. मी ज्या ज्या घरी विरजण लावलं त्या प्रत्येक घरात. आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्डही सगळीकडे नानांचाच, कुलपं कितीही, किल्ली एक. कोणी वाईट माणसाच्या हाती लागली असती तर? 

दीडला दिवा परत लागला. अक्का म्हणाल्या, "गयात," आणि पाटासमोरचं ताट उचलून गाईला घालायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात मी हेमंतला खरं ते सांगितलं. त्याने दाराबाहेर आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "काढून टाका. पण आईला सांगू नका. प्लीज." मी नियम पुसला, पासवर्ड बदलला. अक्का परत आल्या, विचारलं, काय होतं? मी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला सवय, तोंडातून निघून गेलं, "काही नाही अक्का, वरून प्रॉब्लेम होता."

त्या म्हणाल्या, "मालेबी तेच वाटस."

परतताना साक्री येईपर्यंत मी गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून जळगावला मेहरूणला गेलो. म्हटलं निदान नानांच्या घरी तरी सांगावं की तुमच्या घरचा नियम असा असा फिरतोय. दुपारचीच वेळ होती. सुनेने दार उघडलं, एका कानात मोबाइलची वायर. आत मुलगा टीव्हीसमोर जेवत होता, नातू पलंगावर, नात दाराआड, ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या मांडीवर. भिंतीवर दुसऱ्याच कंपनीचा डबा होता.

"तो जुना ना?" सून म्हणाली. "नाना गेल्यावर लगेच काढला हो काका. दुपारी फार त्रास द्यायचा."

ज्या घरासाठी नियम केला होता तेवढ्या घरातून तो गेला होता. मी पाणी पिऊन निघालो. तलावाकाठी गाडी लावून जरा वेळ बसलो. नानांसाठी फार वाईट वाटलं, आणि त्यांची थोडी धास्तीही वाटली, दोन्ही एकदम. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी हेमंतचा फोन. "काका, आई जेवत नाहीये."

"म्हणजे?"

"एक दहाला ताटं वाढते आणि डब्याकडे बघत बसते. दिवा विझत नाही. तीन वाजतात, चार वाजतात. मी म्हणतो जेव, तर म्हणते त्या उनात नहीत, मी कशी जेवू? रात्री दोन घास खाते तेवढंच. मला विचारते, मनं काय चुकनं?" त्याचा आवाज फुटला. "नियम परत टाकला तर मला पुण्याला जावं लागेल. नाही टाकला तर ही अशी मरेल. काय करू सांगा ना!"

आता ही गाठ माझ्या हातून पडलेली, मलाच सोडवायला हवी होती. मी रात्रभर नाही, पण धुळ्याहून पिंपळनेरला जाईपर्यंत डोकं चालवलं आणि स्वतःवरच खूश झालो. डब्यात आणखी एक सोय असते. झोपताना डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून नुसते दिवे विझवता येतात, नेट चालूच राहतं. त्यालाही वेळापत्रक लावता येतं. एक दहा ते दीड दिवे बंद, वायफाय चालू. अक्कांना आबा मिळतील, हेमंतला मीटिंग. वा रे पठ्ठ्या, म्हटलं, याला म्हणतात कारागिरी!

सकाळी पोचलो, कोणाला न सांगता सेटिंग केलं, फक्त हेमंतला खूण केली. अक्का चार दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. एक वाजता ताटं वाढली. मी डब्याखालीच बसलो होतो. हेमंत कोपऱ्यात लॅपटॉपसमोर, तीच इंग्रजी बोलणारी बाई, तेच आकडे.

एक दहाला दिवे विझले.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग सावकाश मान वळवून हेमंतकडे. तो खाली मान घालून टाइप करत होता. ती बाई बोलतच होती. अक्कांनी पदर डोक्यावर घेतला नाही, पाटही सरळ केला नाही.

"रोज मधला दिवा जास," त्या म्हणाल्या. "आज बठ्ठा गयात." सगळे गेले.

मी उगाच वायर चाचपली.

"हाई त्यास्नं काम नही शे भाऊ. हाई तुनं काम शे."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. सगळं सांगून टाकलं. मेहरूण, नाना, फाइल, विरजण, माझं लक्ष वांग्यांकडे होतं तेही. म्हटलं, अक्का, आबा नव्हते ते, माझी चूक होती.  विरजणाचं त्यांना लगेच समजलं, मान हलली.

सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या उनात का नही उनात, माले काय माहीत? दिसत तं नव्हतात. पन त्या टाइमले मना पोऱ्या उठीसन मनाजोडे बसे." पोरगा उठून आपल्याजवळ बसायचा, एवढंच म्हणून त्यांनी पाटासमोरचं ताट पुढे ओढलं आणि झाकून ठेवलं. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोपऱ्यातली टकटक थांबली होती. हेमंत पडद्याकडे बघत बसला होता, कान लाल झालेले. मग तो त्या बाईला मधेच थांबवून म्हणाला, मराठीत नाही, पण मला समजेल इतक्या साध्या इंग्रजीत, की मॅडम, माझी जेवायची वेळ झाली, वीस मिनिटांत येतो, आणि रोज याच वेळेला जाईन. पलीकडून उत्तर आलं, "ओके हेमंत, नो प्रॉब्लेम." बस. सव्वा वर्ष हा मुलगा लाइन तुटली म्हणून माफ्या मागत होता. जेवायला जातो असं सांगायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही.

त्याने लॅपटॉप मिटला. आईशेजारी जाऊन बसला. मग मला म्हणाला, "काका, तो नियम परत टाका."

"आता कशाला? तू उठलास की."

"आज उठलो. महिन्याने नाही उठणार. मला ओळखतो मी."

नातवंडं गळ्यात पडली की मी विरघळतो, हे नानांचं वाक्य मला आठवलं, आणि बोटं कीबोर्डवर थबकली. दिव्यांचं वेळापत्रक पुसलं, तीन दिवे परत लागले. नवा नियम उघडला. एक दहा ते दीड, रोज, रविवारी पण. नावाच्या चौकटीत दुसरं काही लिहावं असं फार वाटलं. पण जेवणच लिहिलं, तसंच, माझ्या त्याच स्पेलिंगने. पासवर्ड हेमंतने मागितला नाही, मी दिला नाही. बटण दाबलं तेव्हा एक वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मधला दिवा लगेच विझला.

बाकीच्या घरांचं विचाराल तर पासवर्ड मी सगळीकडे जाऊन बदलले, खरं कारण सांगून आणि बोलणी खाऊन. नियम ठेवायचा की काढायचा ते ज्याने त्याने ठरवलं. रशीदभाई म्हणाले, "हात लावाल तर याद राखा." विरजणाची फाइल मात्र मी पुसली. त्यानंतर प्रत्येक घराला एक तास दिला आणि माझा हात पूर्वीइतका हलका राहिला नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. दिवा विझल्यावर अक्कांनी झाकलेलं ताट उघडलं आणि पुन्हा पाटासमोर ठेवलं. पाटही सरळ केला. मग आणखी एक ताट घेतलं, भाकरी वाढली, माझ्यापुढे सरकवली, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. मी ताटापुढे वळून बसलो तशी माझी पाठ पाटाकडे झाली. मागे कोणीतरी तांब्या उचलून ठेवावा तसा बारीक आवाज झाला. हेमंत आणि अक्का दोघेही माझ्या समोर होते, दोघांचे हात त्यांच्या ताटांत होते.

"जेव भाऊ," अक्का म्हणाल्या. "आते बठ्ठा उनात."

मी मागे वळून पाहिलं नाही. भाकरी मोडली आणि जेवायला लागलो.